भाजलेली जोडी

हस्तकलेला आधार द्यायला कुणी येतंय म्हटलं की मला अलीकडं धडकीच भरते. आधार द्यायला येणारी माणसं वाईट नसतात, हेच तर खरं दुखणं आहे. वाईट असती तर चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. गेल्या वर्षी बेंदराच्या तोंडावर कोल्हापुरात शनिवार-रविवार असा दोन दिवसांचा एक सोहळा झाला. आजच्या हस्तकलेचा उत्सव, असं फलकावर लिहिलं होतं आणि त्याखाली ‘कारागिरांच्या पाठीशी उभे राहू या’. त्यातली एक पाठ माझ्या वडिलांची होती, म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही कुंभार. आप्पा, आई आणि मी, एवढंच घर. मी राजारामपुरीत डोळ्यांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते, नंबर लावते, थेंब घातलेल्यांना डोळे मिटून बसायला सांगते आणि दोन मिनिटांनी डोळे उघडणाऱ्यांवर ओरडते. आमच्या घरातलं चाक आजोबांच्या माघारी थांबलं. आता गणपती, गौरीचे मुखवटे आणि आषाढात बेंदराचे बैल. बाकीच्या महाराष्ट्रात ज्याला पोळा म्हणतात तो आमच्याकडं आधीच येऊन जातो. दावणीला बैल असतील ते बैल पुजतात, नसतील ते मातीचे पुजतात, आणि आता बहुतेक सगळे मातीचेच पुजतात.

बाजारात मिळतात ते बैल साच्यातले, रंगवलेले. आम्हीही तेच विकतो, पोट त्यावरच आहे. पण हक्काच्या घराला नेऊन द्यायची जोडी वेगळी. ती हातानं करायची, रंगवायची नाही, आणि भाजायची तर नाहीच नाही. पूजा झाली, एक रात्र देवापुढं राहिली, की दुसऱ्या दिवशी घरच्यांनी ती विहिरीत सोडायची. जोडी विरघळली, म्हणून पुढच्या बेंदराला कुंभारानं पुन्हा त्या घरी जायचं. घरातली बाई सुपात जोंधळे, गूळ आणि पोळ्या घालून देते. त्या जोंधळ्यातले मूठभर आई गाडग्यात बाजूला ठेवते, आणि पुढच्या वर्षी त्यातलेच दाणे त्या घराच्या बैलांना डोळे म्हणून बसवायचे. त्यांच्या घरचं धान्य, आमच्या घरची माती. ही पद्धत किती जुनी आहे ते कुणाला ठाऊक नाही, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

आजोबांच्या वेळी अशी घरं पुष्कळ होती. कुणी शेती विकली, कुणी पुण्याला गेलं, कुणी साच्यातले बैल आणायला लागलं. आप्पांकडं एकच घर उरलं होतं. पेठेतलं शेतकरी घर, आता त्यांनी शहराबाहेर बंगला बांधलाय, गोठ्यात दुधाच्या म्हशी आहेत, नांगराला ट्रॅक्टर आहे. त्या घरचे आबा आप्पांच्याच वयाचे, लहानपणी एकाच विहिरीत पोहलेले. दरवर्षी बेंदराच्या सकाळी आप्पा त्या घरी जोडी घेऊन जायचे. मी एकदा म्हटलं होतं, एका घरासाठी एवढी तंगडतोड कशाला? तर म्हणाले, “त्या घराला जातोय तवर आपण कुंभार. बाकी मग दुकानदारच की.”

गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. चहाची बशी धरली तरी चहा सांडायचा. मोठी जोडी त्यांनी कितीदा केली आणि कितीदा मोडून पुन्हा मातीच्या गोळ्यात घातली. शेवटी एक जमली. पाठीची वशिंडं अशी की हात फिरवावासा वाटे. ही शेवटची, हे आम्हां तिघांनाही कळत होतं.

अशात तो सोहळा भरवणाऱ्या मॅडम आल्या. मूळच्या इथल्याच, मधली वर्षं परदेशात काढून परतलेल्या. हातमागाची साडी, कानात मातीचे डूल, बोलणं गोड. आमच्या ओट्यावर मांडी घालून बसल्या, आईच्या हातचा चहा प्यायल्या, परत मागून घेतला. मला त्या आवडल्या होत्या, खोटं कशाला बोलू? फळीवर लुगड्याच्या फडक्याखाली झाकलेली जोडी त्यांनीच शोधून काढली.

“काका, मला हीच हवी.”

“ती न्हाय द्याया यायची,” आप्पा म्हणाले. “ती घराची हाय.”

“विकत नको हो. फक्त दोन दिवस मांडायला. कोल्हापूरला बघू दे की तुमचं काम.”

आप्पांनी टॉवेलला हात पुसले, आणि पुन्हा पुसले. आजवर लोकांनी ‘माल कसा दिला’ असं विचारलं होतं. ‘तुमचं काम’ असं त्यांना आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. ते विरघळले.

“न्ह्या मग. पर कच्ची हाय. पाणी लागू द्यू नका. रईवारी सांजच्याला माघारी पायजे, मंगळवारी बेंदूर हाय.”

“माझ्यावर सोडा,” मॅडम म्हणाल्या. आणि आम्ही सोडलं.

त्या आठवड्यात आप्पांनी केस कापून घेतले. रविवारी संध्याकाळी सोहळ्यात आपला सत्कार आहे, हे त्यांनी गल्लीत सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, कुरुंदवाडच्या माझ्या आत्याला फोन करून सांगितलं. आईनं टोपी नीळ घालून धुतली. मी जरा चेष्टाही केली, म्हटलं, आप्पा, आता तुम्ही आम्हांला ओळख द्याल का? तर लाजले.

शनिवारी उद्घाटनाला आप्पा आणि मी गेलो. शाहूपुरीतलं एके काळचं गुळाचं गोदाम, आता तिथं कॉफी मिळते. भिंतींचा गिलावा मुद्दाम खरवडून विटा दिसतील असं केलेलं. दारात पाहुण्यांना एवढ्याएवढ्याशा मातीच्या कपांतून तांबडा रस्सा देत होते, आणि पाहुणे तो औषध घेतल्यासारखा घोटाघोटानं घेत होते. कापडी पिशव्या, चामड्याच्या वह्या, घोंगडीची जाकिटं. सगळं देखणं होतं. आतल्या दालनात पांढऱ्या ठोकळ्यांवर एकेक वस्तू आणि वरून तिच्यापुरता दिवा.

आप्पा आपली जोडी शोधत त्या ठोकळ्यावरून पुढं निघून गेले. ओळखलीच नाही. आमची जोडी काळपट राखी रंगाची, आणि तिथं लालभडक बैल उभे होते. मीच त्यांना दंडाला धरून मागं आणलं. त्यांनी वाकून बघितलं. बोटाच्या पेरानं एका बैलाच्या पाठीवर टिचकी मारली. टण्णकन आवाज आला.

“भाजली व्हय,” ते म्हणाले.

डोळ्यांचे जोंधळे जळून गेले होते. चार रिकामी भोकं तेवढी राहिली होती.

शेजारी एक तरुण उभा होता, त्याचा शहराबाहेर मातीकामाचा स्टुडिओ आहे, गॅसची भट्टी आहे. तो आनंदानं पुढं आला. “काका, इथं खूप ओल होती. एक शिंग मऊ पडायला लागलं होतं. मग मीच म्हटलं, भट्टीत घालतो. बघा, एक तडा नाही गेला.”

“विचारायचं तरी,” मी म्हटलं.

“अहो ताई, नाहीतर विरघळली असती.”

“विरघळायलाच केली होती.”

तो माझ्याकडं बघत राहिला, मग बैलांकडं. “पण एवढं काम...” म्हणाला आणि थांबला. त्याला वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं, आणि काय झालं ते कळलं नव्हतं, तेही दिसत होतं. त्याच्या लेखी कच्चं म्हणजे अर्धवट, आणि त्यानं बिचाऱ्यानं ते पुरं करून दिलं होतं. गाढवाला गुळाची चव काय, ही म्हण गुळाच्या गोदामात उभी राहून माझ्या ओठांवर आली आणि मी ती गिळली, कारण आप्पांनी माझ्या हाताला धरलं होतं. ठोकळ्यावर चिठ्ठी होती. वस्तूचं नाव बैलजोडी. भट्टी कुणाची, ते लिहिलं होतं. कारागीर म्हणून लिहिलं होतं ‘परंपरा’. आमच्या आजीनं बारशाला आप्पांचं नाव परंपरा ठेवलं होतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

मॅडमनी आम्हांला पुढच्या खुर्च्यांवर बसवलं. मग चौघांनी माइकवर इंग्रजीत हस्तकला कशी वाचवायची यावर चर्चा केली. आप्पा टोपी मांडीवर घेऊन शेवटपर्यंत बसले. मी दर पाच मिनिटांनी उठू या म्हणत होते, ते हलले नाहीत. यजमान बोलत असताना उठायचं नसतं, ही त्यांची शिकवण. घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाले, “दुसरी कराय पायजे.”

रविवारी सकाळी ते माती घेऊन बसले. आणि नेमकी तेव्हाच ती सहल आली. सोहळ्याचा तोही एक कार्यक्रम होता, कारागिरांच्या गल्ल्यांतून फेरफटका. आम्हांला सांगितलं होतं, पण आम्ही विसरलो होतो. वीसेक माणसं गल्लीत शिरली. आप्पा बैलाचा कान चिकटवत होते आणि कान हातातून घसरत होता. पुन्हा उचलायचा, पुन्हा घसरायचा. एक बाई अगदी जवळ येऊन मोबाईलवर त्यांच्या हाताचं चित्रण करायला लागल्या. शेजारणीला म्हणाल्या, हात बघ ना, किती बोलका आहे. बोलका! तो हात काय बोलत होता ते मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. मी दार लावून घ्यायला उठले, तर आप्पा म्हणाले, “ऱ्हाऊ दे, पावणं हाईत.” आणि त्या सगळ्यांसमोर त्यांनी तो बैल मोडला, गोळा केला आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं प्रात्यक्षिक संपलं.

पाहुणे गेले. मग आप्पांनी तो गोळा माझ्याकडं सरकवला.

मी लहानपणापासून माती मळली आहे, साच्यातले गणपती काढले आहेत, रंग दिला आहे. हक्काच्या घराची जोडी आमच्यात घरचा कर्ता पुरुष करतो. मला कुणी नको म्हटलं नव्हतं, कर असंही म्हटलं नव्हतं. मी बसले. आप्पा शेजारी पाटावर बसून सांगत होते. “मान जरा खाली घे. बैल हाय, आमदार न्हाय.” “पोट सुटलंय त्याचं, तुज्या मामावानी.” आई हसून हसून डोळे पुसत होती. दुपार टळली तेव्हा जोडी उभी राहिली. लहानच, हाताएवढी. त्यातला एक बैल थोडा वासरासारखा दिसत होता, ते मलाही कळत होतं. आप्पांनी दोन्ही बैल उचलून सगळ्या बाजूंनी बघितले. “जाईल,” म्हणाले. एवढंच. मला शाळेत, नोकरीत कुणी काय काय म्हटलं असेल, पण त्या ‘जाईल’ इतका आनंद मला कशाचाच झालेला नाही. आईनं गाडग्यातले जोंधळे आणले. डोळे मात्र आप्पांनी स्वतः बसवले, डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट घट्ट धरून.

संध्याकाळच्या सत्काराला जायचं नाही, असं माझं म्हणणं होतं. आप्पा म्हणाले, बोलावलंय, जाऊन यायचं. तिथं त्यांना फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. मागं पडद्यावर त्या लाल बैलांचा फोटो. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं माइक त्यांच्या तोंडाशी धरला, म्हणाली, काका, दोन शब्द. आप्पांनी फेटा सावरला. मग म्हणाले, “भाजाया नको हुती.” मग ती मुलगी म्हणाली, किती साधी, किती निर्मळ माणसं असतात ना ही, आणि सभागृहानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. पालथ्या घड्यावर पाणी. आणि घड्याचा धंदा आमचा.

गर्दीत त्या हक्काच्या घरच्या वैनी भेटल्या, आबांच्या सून. आप्पांशेजारी उभ्या राहून फोटो काढला. “मामा, लय अभिमान वाटला बघा,” म्हणाल्या. मी मॅडमना गाठून विचारलं, त्या भाजलेल्या जोडीचं काय करणार? त्यांनी माझा हात हातात घेतला. “ती अगदी योग्य घरी जाईल, तू काळजी करू नको.” मला वाटलं, पुण्याच्या कुठल्या तरी दिवाणखान्यात जाईल. जाऊ दे. आमची जोडी घरी फळीवर वाळत होती.

मंगळवारी आप्पांनी पहाटेच आंघोळ केली. परडीत केळीचं पान घातलं, त्यावर माझी जोडी ठेवली, वर धुतलेला टॉवेल. दरवर्षी एकटे जातात, त्या दिवशी मला म्हणाले, “तू बी चल. घर दावतो तुला.” मला ते घर माहीत नव्हतं थोडंच. पण कुंभारानं पुढच्या कुंभाराला घर दाखवायचं असतं. मी दवाखान्यात रजा टाकली होती.

आबा व्हरांड्यात खाटेवर होते. आम्हांला बघून उठून बसले. वैनी आतून हाक मारत आल्या. “या मामा, या. आधी आत या, बघा तरी.”

देवघरासमोर रांगोळी काढलेली, पाट मांडलेला. पाटावर ती लाल जोडी. शिंगांना गोंडे, गळ्यात झेंडूची माळ. डोळ्यांच्या भोकांवर वैनींनी कपाळाच्या काळ्या टिकल्या लावल्या होत्या.

“मी त्या मॅडमना म्हटलं, ही आमच्या घरची जोडी हाय, दुसऱ्या कुणाला दिलीसा तर बघा,” वैनी सांगत होत्या. “त्यांनी लगेच कागदात गुंडाळून गाडीत ठेवून दिली.”

आप्पांचा हात परडीवरच्या टॉवेलवर होता. “वैनी,” ते म्हणाले, “ती भाजल्याली हाय.”

“व्हय की, म्हणून तर. दरसाल विहिरीत टाकायचं नुसतं जिवावर यायचं. आता बेंदूर झाला की कपाटात ठेवायची. धुतली की नवी.”

मी टॉवेल काढला. म्हटलं, “वैनी, ही कच्ची हाय. ही पुजा.”

त्यांनी वाकून बघितलं. त्यांचा चेहरा खरंच उजळला. “अगं, किती गोड. तू केलीस? ठेव की, पोरं खेळतील.”

अख्ख्या राजारामपुरीशी भांडणारी मी, तिथं टॉवेलची घडी घालत राहिले. त्यांच्या बोलण्यात कुठं खोट असती तर बरं झालं असतं. आप्पांनी मागं वळून आबांकडं बघितलं. आबा दारात येऊन उभे होते, त्यांनी दोन्ही जोड्या बघितल्या होत्या. त्यांना सगळं कळत होतं. विहिरीच्या काठावर उभं राहून जोडी सोडणारे तेच तर होते. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, “आता पोरांच्या हातात हाय बाबा सगळं,” आणि चष्मा शोधायला परत खाटेकडं गेले.

वैनींनी सूप भरून आणलं. जोंधळे, गुळाची ढेप, पोळ्या, शिवाय आप्पांना शर्टाचं कापड. इतकं त्या घरानं कधी दिलं नव्हतं. बेंदराचे जोंधळे नको म्हणायचे नसतात, आप्पांनी ते पिशवीत घेतले. माझी जोडी त्यांनी परडीतून काढलीच नाही. टॉवेल पुन्हा नीट झाकला आणि परडी माझ्या हातात दिली.

निघताना कुंभारानं उंबऱ्यात उभं राहून म्हणायचं असतं, ‘येतो पुढल्या बेंदराला.’ घरच्या बाईनं म्हणायचं असतं, ‘या, वाट बघतो.’ एवढ्यावर पिढ्या चालल्या. आप्पांनी चपला घातल्या, वळले, फेट्याच्या दिवशी होते त्यापेक्षा ताठ उभे राहिले.

“येतो वैनी, पुढल्या बेंदराला.”

वैनी मायेनं हसल्या. “आता कशाला उगं हेलपाटा, मामा? ही काय विरघळतीया व्हय?”

आप्पा तिथंच उभे राहिले. यावर कुंभारानं काय म्हणायचं असतं, ते त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.